विश्लेषण : कधीच न गायलेल्यांसाठी कॉलेजात गाण्याचा वर्ग का हवा? अमेरिकेतील कम्युनिटी कॉलेजांकडून काय घेता येईल?

सन १९०१. पंडित विष्णु दिगंबर पलुस्करांनी लाहोरमध्ये गांधर्व महाविद्यालय सुरू केले. गाणे दरबार आणि घराण्यांच्या चौकटीतून बाहेर काढून सामान्य घरांतल्या मुला-मुलींना शिकवायचे, त्यासाठी वर्ग, तक्ता, पुस्तक आणि परीक्षा आणायच्या, ही त्यांची कल्पना होती. योगायोग असा, की त्याच वर्षी अमेरिकेच्या इलिनॉय राज्यात जोलिएट ज्युनियर कॉलेजची सुरुवात झाली. आज ते त्या देशातील सर्वांत जुने सार्वजनिक कम्युनिटी कॉलेज मानले जाते. या दोन संस्थांचा एकमेकींशी काहीही संबंध नव्हता. शिक्षणाचे दार जास्तीत जास्त लोकांसाठी उघडायचे, एवढाच काय तो समान धागा.

सव्वाशे वर्षांनंतर चित्र कसे आहे? अमेरिकेत कधीही वाद्याला हात न लावलेला वीस वर्षांचा विद्यार्थी किंवा पन्नाशीची नोकरदार महिला जवळच्या कम्युनिटी कॉलेजात संगीताच्या प्राथमिक अभ्यासक्रमाला नाव नोंदवू शकते. त्याचे क्रेडिट मिळते आणि ते पदवीसाठी मोजलेही जाते. महाराष्ट्रात मात्र लहानपणी गाण्याचा क्लास हुकलेल्या मुलाला अठराव्या वर्षी कॉलेजात सूर-ताल शिकायचा असेल, तर बहुतेक ठिकाणी त्याच्यासाठी वर्गच नसतो. नव्या शैक्षणिक धोरणामुळे ही उणीव भरून काढण्याची संधी आली आहे. ती वाया जाणार की सत्कारणी लागणार, हे पुढच्या काही वर्षांत ठरेल.

कम्युनिटी कॉलेज म्हणजे नेमके काय?

सोप्या भाषेत, दोन वर्षांचे सार्वजनिक कॉलेज. येथे असोसिएट पदवी मिळते, नर्सिंगपासून वेल्डिंगपर्यंत व्यवसाय शिक्षण मिळते आणि पहिली दोन वर्षे पूर्ण करून चार वर्षांच्या विद्यापीठात तिसऱ्या वर्षाला जाण्याची सोयही असते. सर्वाधिक महत्त्वाची गोष्ट म्हणजे खुला प्रवेश. गुणांची कट-ऑफ यादी लागत नाही. शालेय शिक्षण पूर्ण केलेल्या किंवा १८ वर्षे पूर्ण झालेल्या व्यक्तीला सर्वसाधारणपणे प्रवेश मिळतो.

दुसऱ्या महायुद्धानंतर परतलेल्या सैनिकांना शिकता यावे म्हणून अमेरिकेने मोठा खर्च केला. १९४७ मध्ये अध्यक्ष ट्रुमन यांनी नेमलेल्या उच्च शिक्षण आयोगाने अशा दोन वर्षांच्या कॉलेजांचे जाळे वाढवण्याची शिफारस केली आणि ‘कम्युनिटी कॉलेज’ हे नाव रूढ झाले. आज त्या देशात अशी सुमारे एक हजार कॉलेजे आहेत. एकट्या कॅलिफोर्नियात ११६. सिलिकॉन व्हॅलीत मराठी सॉफ्टवेअर इंजिनीअरांची मोठी वस्ती आहे. तेथील कुपरटिनोचे डी अँझा आणि लॉस अल्टोस हिल्सचे फुटहिल ही याच व्यवस्थेतली कॉलेजे.

भारतातही यूजीसीने बाराव्या पंचवार्षिक योजनेच्या काळात कम्युनिटी कॉलेजांची योजना आणली. मात्र तिचा भर प्रामुख्याने रोजगारक्षम कौशल्यांवर राहिला. आवड म्हणून, माणूस घडावा म्हणून शिकवायचा संगीतासारखा विषय त्या योजनेच्या केंद्रस्थानी नव्हता.

संगीताच्या पहिल्या वर्गात काय शिकवतात?

कॉलेजागणिक नावे बदलतात, पण प्राथमिक अभ्यासक्रम ढोबळमानाने चार प्रकारचे असतात.

• म्युझिक ॲप्रिसिएशन : संगीत ऐकायला शिकवणारा वर्ग. येथे गाता-वाजवता येण्याची अट नसते. स्वररचना, लय, वाद्यांचे आवाज, रचनेचा आराखडा आणि कालखंड ओळखायचे. बऱ्याच वर्गांत विद्यार्थ्याला प्रत्यक्ष मैफलीला जाऊन त्यावर लेखी टिपण द्यावे लागते.

• म्युझिक फंडामेंटल्स : लिहिलेले संगीत वाचायला शिकवणारा वर्ग. पाच रेषांचे नोटेशन, स्वरांची लांबी, मेजर आणि मायनर स्केल, दोन स्वरांमधले अंतर, तीन स्वरांची कॉर्ड. पुढे संगीतातच पदवी घ्यायची असणाऱ्यांनाही पाया कच्चा असेल तर येथूनच सुरुवात करावी लागते.

• क्लास पियानो, गिटार किंवा गायन : वाद्य हातात देणारा वर्ग. पियानोच्या वर्गात रांगेने डिजिटल कीबोर्ड मांडलेले असतात. प्रत्येकाच्या कानावर हेडफोन. शिक्षक आपल्या टेबलावरून एकेकाचे वादन ऐकू शकतात. त्यामुळे कोणाची चूक वर्गभर ऐकू जात नाही.

• जॅझ, रॉक किंवा जगभरच्या संगीताचा इतिहास : पूर्वी ‘संगीत’ म्हटले की युरोपातले अभिजात संगीत एवढेच गृहीत धरले जाई. त्यावर टीका झाली आणि अशा पर्यायी अभ्यासक्रमांची संख्या वाढली.

मराठी वाचकाला यातला फंडामेंटल्सचा वर्ग परका वाटण्याचे कारण नाही. मेजर स्केल म्हणजे आपला बिलावल थाट; सगळे स्वर शुद्ध. त्यातला मध्यम तीव्र केला की कल्याण थाट होतो, तिकडे त्याला लिडियन म्हणतात. निषाद कोमल केला की खमाज, तिकडे मिक्सोलिडियन. गंधार आणि निषाद दोन्ही कोमल केले की काफी, तिकडे डोरियन. नावे वेगळी, पण स्वरांची मांडणी तीच. भातखंडे यांनी रागांचे वर्गीकरण दहा थाटांत केले. त्यांतले पाच-सहा तर या वर्गात शिकणारा विद्यार्थी वेगळ्या नावांनी ओळखतच असतो.

फरक कुठे आहे, हेही याच वर्गात कळते. आपला ‘सा’ गायकाच्या गळ्याप्रमाणे ठरतो. काळी एक, पांढरी चार, सोयीचा कोणताही. तिकडे सूर आधीच बांधलेले असतात. मधल्या सप्तकातला ‘ए’ म्हणजे सर्वसाधारणपणे सेकंदाला ४४० कंपने. तिथून एका सप्तकाचे १२ सारखे भाग केलेले असतात आणि प्रत्येक पुढचा स्वर आधीच्या स्वराच्या सुमारे १.०५९५ पट असतो. या हिशेबात शुद्ध गंधार ‘सा’च्या सुमारे १.२६ पट येतो. तंबोऱ्याच्या जुळलेल्या तारांत मात्र जो गंधार आपोआप ऐकू येतो, तो बरोबर १.२५ पट. फरक लहान आहे, पण तयार कानाला पेटीचा गंधार किंचित चढा वाटतो तो यामुळेच. ही बाब पुस्तकात वाचून कळत नाही. तंबोरा आणि पेटी शेजारी ठेवून ऐकली की पाच मिनिटांत कळते. वर्ग लागतो तो यासाठी.

क्रेडिटचे गणित काय?

कॅलिफोर्नियाच्या कम्युनिटी कॉलेजांत एका युनिटमागे विद्यार्थ्याने सत्रभरात सुमारे ४८ ते ५४ तास द्यावेत, अशी अपेक्षा असते. यात वर्गातले तास आणि घरचा अभ्यास दोन्ही धरलेले असतात. म्हणजे तीन युनिटचा संगीताचा अभ्यासक्रम हा दीडशे तासांच्या आसपास कामाचा ऐवज झाला. संगमरवरी सभागृहातल्या एका व्याख्यानावर तो उरकत नाही.

राज्यातील रहिवाशांसाठी तेथे २०१२ पासून युनिटमागे ४६ डॉलर शुल्क आहे. तीन युनिटसाठी १३८ डॉलर. पुस्तके आणि इतर किरकोळ शुल्क वेगळे. कमी उत्पन्न गटातील विद्यार्थ्यांना शुल्कमाफीच्या योजना आहेत. खासगी पियानो शिकवणीच्या तासिका-शुल्काशी तुलना केली, तर ही रक्कम मध्यमवर्गीयालाच काय, पगारावर जेमतेम भागवणाऱ्यालाही झेपणारी ठरते.

पैशांइतकीच आणखी एक गोष्ट मोलाची आहे. चार वर्षांच्या विद्यापीठात जाण्यासाठी जे सामान्य शिक्षणाचे विषय पूर्ण करावे लागतात, त्यात कला आणि मानव्यविद्या हा एक गट असतो. संगीताचे ऐकण्याचे, इतिहासाचे काही अभ्यासक्रम या गटात धरले जातात. परिणामी कॉम्प्युटर सायन्सकडे निघालेला मुलगाही संगीताच्या वर्गात येतो आणि त्याचे वर्ष वाया जात नाही. अनेक अभ्यासक्रमांना श्रेणीऐवजी फक्त ‘उत्तीर्ण’ किंवा ‘अनुत्तीर्ण’ असा पर्यायही घेता येतो. सरासरी गुण घसरतील या धास्तीने आवड बाजूला ठेवावी लागत नाही.

मग तिकडे सगळे आलबेल आहे का?

तसे अजिबात नाही. या व्यवस्थेची सर्वांत बोलकी परीक्षा २००८ च्या आर्थिक मंदीनंतर झाली. राज्याचा महसूल आटला, कॉलेजांच्या निधीला कात्री लागली आणि आवश्यक विषयांच्या वर्गांतही विद्यार्थ्यांना जागा मिळेनात. अशा वेळी तेच ते गायनवृंदाचे, पियानोचे किंवा चित्रकलेचे वर्ग वारंवार करणाऱ्यांवर जनतेचा पैसा का खर्च करायचा, असा प्रश्न विचारला गेला.

२०१२ मध्ये कॅलिफोर्नियाच्या कम्युनिटी कॉलेज व्यवस्थेच्या नियामक मंडळाने नियम बदलले आणि २०१३ च्या हिवाळ्यापूर्वीच्या सत्रापासून ते लागू झाले. शारीरिक शिक्षण, दृश्यकला आणि प्रयोगकलांचा एकच वर्ग उत्तीर्ण झाल्यावर पुन्हा पुन्हा घेण्याची मुभा बहुतांशी संपली. एकाच गटातले जास्तीत जास्त चार अभ्यासक्रम, अशी मर्यादा आली. संगीतात पुढे पदवी घेणाऱ्यांना लागणाऱ्या वादनवृंदासारख्या काही वर्गांना सवलत राहिली. कॉलेजांनी मग पियानो एक, दोन, तीन, चार अशा पायऱ्या केल्या. वर्षानुवर्षे कॉलेजच्या गायनवृंदात येणाऱ्या ज्येष्ठांना अनेक ठिकाणी क्रेडिट नसलेल्या किंवा पूर्ण शुल्काच्या वर्गांकडे वळावे लागले.

सरकारची बाजू पूर्णपणे चुकीची होती, असे म्हणता येणार नाही. पहिल्यांदा कॉलेजात येणाऱ्या गरीब मुलाला गणिताच्या वर्गात जागा नाही आणि दुसरीकडे एखादी व्यक्ती सहाव्यांदा तोच वर्ग करते, हे समर्थनीय ठरत नाही. पण नियम करणाऱ्यांनी संगीत शिकण्याची रीत लक्षात घेतली नाही. रसायनशास्त्राचा एक धडा एकदा कळला की कळला. सुराचे तसे नसते. ‘गाता गळा, शिंपता मळा’ ही म्हण काही उगीच पडलेली नाही. तोच पलटा शंभरदा घोटणे म्हणजे नापासाने वर्ग पुन्हा करणे नव्हे. शिकण्याची पद्धतच ती आहे.

आणखी एक दुखणे शिक्षकांचे. अमेरिकेतील कम्युनिटी कॉलेजे मोठ्या प्रमाणात अर्धवेळ शिक्षकांवर चालतात. दोन-तीन कॉलेजांत तासाच्या हिशेबाने शिकवून घर चालवणारे संगीत शिक्षक तिकडेही आहेत. तासिका तत्त्वावरच्या प्राध्यापकांची परवड पाहिलेल्या महाराष्ट्राला हे वेगळे समजावून सांगायला नको.

महाराष्ट्रात पहिली पायरी कुठे आहे?

आपल्याकडे पहिली पायरी आहे आणि ती जुनी आहे. पलुस्करांच्या निधनानंतर, १९३१ मध्ये, त्यांच्या शिष्यांनी अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापन केले. प्रारंभिक, प्रवेशिका प्रथम, प्रवेशिका पूर्ण, मध्यमा प्रथम, मध्यमा पूर्ण, विशारद आणि अलंकार ही परीक्षांची शिडी आज गावोगावच्या क्लासना माहीत आहे. तालुक्याच्या गावातल्या मुलीलाही अभ्यासक्रम, परीक्षक आणि प्रमाणपत्र मिळाले, ते या शिडीमुळे. तिचे हे ऋण नाकारता येणार नाही.

पण या शिडीची पहिली पायरी प्रत्यक्षात बालपणात आहे. क्लासमध्ये येणारे बहुतेक जण शाळकरी असतात. आई-वडिलांना हौस आणि ऐपत दोन्ही असतील तर मूल पेटीपुढे बसते. नववी संपत आली की शिकवण्यांच्या वेळा आडव्या येतात आणि दहावीच्या वर्षी पेटीवर जे कापड पडते, ते अनेक घरांत पुन्हा निघत नाही. शास्त्रीय गायन, वादन, नृत्याच्या ठरावीक परीक्षा उत्तीर्ण झालेल्यांना दहावीत वाढीव गुण मिळतात. हेतू चांगला आहे. मात्र त्यामुळे काही पालकांच्या लेखी संगीत हे गुणपत्रिकेतल्या बेरजेपुरते उरते. गुण पदरात पडले की क्लास बंद.

शिडीचे दुसरे टोक विद्यापीठांत आहे. मुंबई विद्यापीठाचा संगीत विभाग, सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचे ललित कला केंद्र येथे संगीताचे रीतसर पदवी शिक्षण मिळते. तेथे जायचे तर आधी काही येत असावे लागते. ते योग्यच आहे.

प्रश्न मधल्यांचा आहे. गडचिरोलीहून नागपूरला किंवा बीडहून पुण्याला शिकायला आलेला, घरात कधी तंबोरा न पाहिलेला, पण गाणे आवडणारा विद्यार्थी. त्याला गायक व्हायचे नाही. भजनी मंडळात मृदंगावर बसायचे असेल, गणेशोत्सवात ढोल-ताशा पथकात वाजवताना आपण नेमका कोणता ठेका धरला आहे ते समजून घ्यायचे असेल, किंवा मोबाइलवर ऐकलेले गाणे आपल्याला का आवडते, एवढेच कळून घ्यायचे असेल. त्याच्यासाठी कॉलेजात आज सांस्कृतिक मंडळ असते. पण तेथे युवा महोत्सवाची स्पर्धा जिंकायची असते, त्यामुळे ज्यांना आधीच येते त्यांचीच निवड होते. ज्याला येत नाही, तो प्रेक्षकांत बसतो.

नव्या धोरणाने नेमके काय बदलले?

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार महाराष्ट्रातील पदवी अभ्यासक्रमांची रचना बदलली. स्वायत्त कॉलेजांत २०२३-२४ पासून आणि संलग्न कॉलेजांत २०२४-२५ पासून ती लागू होऊ लागली. मुख्य विषयासोबत खुले ऐच्छिक विषय आणि सह-अभ्यासक्रम यांनाही क्रेडिट मिळते. सह-अभ्यासक्रमांच्या गटात एनएसएस, एनसीसी, योग, क्रीडा यांच्याबरोबर सांस्कृतिक उपक्रम आणि प्रयोगकला यांचाही समावेश आहे. मिळालेले क्रेडिट ॲकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्समध्ये विद्यार्थ्याच्या नावे जमा होते.

म्हणजेच यांत्रिकी किंवा वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याने सूर-तालाचा वर्ग केला आणि त्याचे क्रेडिट पदवीत धरले गेले, ही गोष्ट कागदोपत्री तरी आता अशक्य राहिलेली नाही. कम्युनिटी कॉलेजांनी अनेक दशके जे केले, त्यासाठी लागणारा नियम आता येथेही आहे.

यातला हिशेब महत्त्वाचा आहे. एका क्रेडिटसाठी सत्रात १५ तास व्याख्यान किंवा ३० तास प्रात्यक्षिक, असे साधारण प्रमाण आहे. दोन क्रेडिटचा संगीत वर्ग व्याख्यान म्हणून दाखवला, तर ३० तासांत भागते. प्रात्यक्षिक म्हणून दाखवला, तर ६० तास द्यावे लागतात. पंधरा आठवड्यांचे सत्र धरले तर आठवड्याला चार तास. शिवाय वाद्ये, खोली आणि शिक्षक. पहिला मार्ग स्वस्त आहे आणि कॉलेजे तोच पत्करतील, अशी भीती रास्त आहे. मग वर्गात घराण्यांची नावे फळ्यावर लिहिली जातील, गायकांची जन्मसाले पाठ केली जातील, पीडीएफ नोट्स व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरतील आणि बहुपर्यायी परीक्षेत सगळे उत्तीर्ण होतील. क्रेडिट जमा होईल. एकाही विद्यार्थ्याच्या तोंडून ‘सा’ निघालेला नसेल.

पोहण्याचा अभ्यासक्रम ठेवायचा आणि तलाव बांधायचा नाही, असाच हा प्रकार होईल.

‘पंधरा आठवड्यांत गाणे येते का?’

हा सर्वांत वजनदार आक्षेप आहे आणि त्याचे सरळ उत्तर ‘नाही’ असे आहे. पंधरा आठवड्यांत कोणी गवई होत नाही. गुरूसमोर वर्षानुवर्षे बसल्याशिवाय राग अंगात मुरत नाही, हे गुरु-शिष्य परंपरेचे म्हणणे खरेच आहे.

पण या वर्गाचे काम गवई घडवणे हे नाहीच. पंधरा आठवड्यांत सामान्य कान असलेला विद्यार्थी ‘सा’ला आपला आवाज लावू शकतो. आपण वर गेलो की खाली, हे ओळखू शकतो. तीनतालाच्या १६ मात्रा हातावर धरून सम कुठे, खाली कुठे, ते दाखवू शकतो. मैफलीत गायक समेवर आला की त्याची मान आपोआप हलते. मराठीत अशा माणसासाठी एक सुंदर शब्द आहे, कानसेन. तानसेन घडवायला घराणे लागते. कानसेन कॉलेजही घडवू शकते. आणि कानसेन उरले नाहीत तर तानसेनांनी गायचे कोणासमोर, हा प्रश्न तिकीट विकून मैफल करणाऱ्या प्रत्येक संयोजकाला आज भेडसावतो.

दुसरा आक्षेप ‘यूट्यूबवर सगळे फुकट मिळते’ हा. माहिती मिळते, हे खरे. तंबोऱ्याचे आणि तबल्याचे ॲपही मिळते आणि ते उपयोगी आहे. पण तुमचा पंचम खाली लागतो आहे, हे यूट्यूबवरचा व्हिडिओ तुम्हाला सांगत नाही. शेजारी बसलेला शिक्षक सांगतो. बेसूर गाणाऱ्याला बहुधा आपण बेसूर आहोत हेच ऐकू येत नसते. शिकण्याची सुरुवात ते ऐकू येण्यापासून होते.

तिसरा आक्षेप पैशांचा. प्राध्यापकांच्या जागा रिक्त असताना आणि प्रयोगशाळांना निधी नसताना पेट्या कुठून आणायच्या? हा आक्षेप हसण्यावारी नेण्यासारखा नाही. कॅलिफोर्नियाचा अनुभव तोच तर सांगतो. तंगी आली की पहिली कात्री कलेला लागते. म्हणूनच हा वर्ग सुरुवातीपासून कमी खर्चात, पण खऱ्या अर्थाने प्रात्यक्षिकाचा ठेवला पाहिजे.

काय करता येईल?

एक, संगीताच्या प्राथमिक वर्गाचे क्रेडिट फक्त प्रात्यक्षिकाच्या तासांवर द्यावे. लेखी परीक्षा असलीच तर दुय्यम. शेवटी प्रत्येकाने दोन मिनिटे गाऊन, वाजवून किंवा ताल धरून दाखवावा आणि एका मैफलीचे स्वतःच्या शब्दांतले टिपण द्यावे.

दोन, श्रेणी नको. उत्तीर्ण-अनुत्तीर्ण पुरे. ज्याला आधीच येते त्याला येथे अव्वल गुण आणि नवख्याला काठावरचे, असे झाले की नवखा येणारच नाही. उलट, मध्यमा किंवा विशारद झालेल्यांनी हा वर्ग क्रेडिटसाठी घेऊ नये, अशी अट असावी. त्यांना वर्गात मदतनीस म्हणून घेता येईल.

तीन, शिक्षक गावातच आहेत. विशारद आणि अलंकार झालेले कितीतरी कलावंत जिल्ह्या-जिल्ह्यांत खासगी क्लास चालवतात. नेट-सेट नसल्याने कॉलेजच्या नियमित पदाचा रस्ता त्यांना बंद असतो. यूजीसीने २०२२ मध्ये ‘प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस’ची तरतूद केली आहे आणि कलावंतांना संस्थांत निमंत्रित करण्यासाठीही तिची मार्गदर्शक तत्त्वे आहेत. त्यांचा वापर करताना मानधन वेळेवर मिळेल, एवढी काळजी मात्र घ्यावीच लागेल.

चार, एक खोली. दोन पेट्या, दोन तबला-डग्ग्याच्या जोड्या, हेडफोन लावता येतील असे काही कीबोर्ड आणि मोबाइलवरचा तंबोरा. खोलीची किल्ली ठरावीक वेळेत विद्यार्थ्याला मिळाली पाहिजे. वसतिगृहात किंवा कॉट बेसिसवर राहणाऱ्या मुलाला सरावाला जागा नसते. शेजारी झोपलेल्याच्या कानाशी पलटे घोटता येत नाहीत. अमेरिकी कॉलेजांतून घेण्यासारखी सर्वांत साधी गोष्ट कोणती असेल, तर ती सरावाची खोली.

पाच, वर्ग संध्याकाळी गावालाही खुला करावा. क्रेडिट नको असलेल्या शिक्षिकेला, एसटीतून निवृत्त झालेल्या वाहकाला, घर सांभाळून आता सवड मिळालेल्या काकूंना माफक शुल्कात बसू द्यावे. ‘कम्युनिटी’ या शब्दाचा अर्थ तोच आहे. त्यांच्या शुल्कातून खोलीचा आणि शिक्षकाचा काही खर्चही निघेल. आणि दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा येऊ पाहणाऱ्याला दार लावू नये. क्रेडिट एकदाच द्यावे. बसू मात्र पुन्हा द्यावे. कॅलिफोर्नियाने जी गल्लत केली, ती टाळण्याचा हा सोपा मार्ग आहे.

थोडक्यात काय?

संगीत शिकणे ही बालपणी संधी मिळालेल्यांची मक्तेदारी राहू नये, हा पलुस्करांच्या शाळेचा मूळ विचार होता. कम्युनिटी कॉलेजांनी तोच विचार वयाच्या अंगाने पुढे नेला. अठराव्या वर्षी या, अठ्ठावन्नाव्या वर्षी या, पहिला धडा तुमच्यासाठी राखून ठेवलेला आहे. नव्या धोरणाने महाराष्ट्रातील कॉलेजांना त्यासाठी लागणारे क्रेडिट दिले आहे. तास, खोली आणि शिक्षक देण्याचा निर्णय आता कॉलेजांचे आणि विद्यापीठांचे अभ्यास मंडळ घेणार आहे. आपल्या कॉलेजच्या विषययादीत संगीत दिसले, तर प्रवेश घेण्यापूर्वी विद्यार्थ्याने आणि पालकांनी एकच प्रश्न विचारावा : या वर्गात वाद्य कोणाच्या हातात असते, शिक्षकाच्या की विद्यार्थ्याच्या?